सहा मिलिमीटर

तार सहा मिलिमीटर सोलायची.
जास्त सोललीस तर शॉर्ट होते, कमी सोललीस तर पकडत नाही,
खैरनार साहेबांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच.
मग उघडं टोक फ्लक्समध्ये,
मग वितळलेल्या भांड्यात, एक-दोन मोजेपर्यंत.
तांब्याचा लाल जाऊन चांदीचा रंग यायचा.
दिवसाला दोन हजार टोकं.
अंबडच्या त्या शेडमध्ये बारा वर्षं.

भांड्यात काय आहे ते मला माहीत होतं.
माझे वडील भद्रकालीत कल्हई लावायचे.
कांडी कानाशी धरून वाकवायची, ते सांगत,
कथील कुरकुरतं. शिसं गप्प वाकतं.
आमची कांडी जवळजवळ गप्प होती.
मी ऐकलं, आणि कामाला लागले.

खिडकीपाशी पंखा होता, मीटर पळतं म्हणून बंद.
डबा तिथेच खायचो, कुमुद पगारे आणि मी,
हात फडक्याला पुसून.
भाकरीवर बोटांचे करडे ठसे उठायचे.
कुमुद म्हणायची, अंगठा केलास ना, आता पगार घे.

आधी उजवा डोळा गेला,
वाफ धरलेली काच, पुसली तरी तशीच.
तो दीड महिन्याने परत आला, रंग थोडे विसरून.
मग पाय. चप्पल कुठेतरी निसटली
आणि मला ते सिडकोच्या स्टॉपवर दुसऱ्या बाईने सांगितलं.
मग मान खाली घातली की
मणक्यातून करंट उतरायचा, थेट टाचेपर्यंत.
मी माणूस बोलावून टेबलाचं अर्थिंग तपासून घेतलं.
अर्थिंग ठीक होतं.

नाशकात मशीन होतं, तारीख नव्हती.
मिळाली तेव्हा पाऊण तास आत, ठोकाठोकीच्या आवाजात,
तांबट गल्लीत झोपल्यासारखी.
डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडावर धरली.
पांढऱ्या डागांवर पेन ठेवत म्हणाल्या,
मज्जातंतूला वेष्टण असतं, वायरीला असतं तसं,
तुमचं शरीर ते स्वतःच सोलतंय.
मी विचारलं, किती मिलिमीटर?
त्यांना वाटलं, चेष्टा करतेय.

सासूबाई म्हणाल्या, कुंपणानंच शेत खाल्लं गं.
त्यांचं तेवढ्यात आटोपलं.
मला कुंपणाचं कुठे बिनसलं ते हवं होतं.
म्हणून परत गेले, काठी टेकत.
त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत असं:
शिसं घरातल्याच कुणाला तरी चिकटतं,
त्याचा चेहरा जरासा बदलतो,
राखणदार ओळखत नाही, काठी उगारतो,
मग त्या काठीला
ओळखीचं कुणी राहत नाही.
असं असू शकतं, त्या म्हणाल्या,
नक्की कुणाला माहीत नाही.
ज्यांनी कधी तार हातात धरली नाही त्यांनाही हा आजार होतो.
आणि कुमुद, तेच भांडं, तोच धूर, तीच भाकरी,
अजून दोन-दोन पायऱ्या चढते.

कागदावर मात्र असू शकतं चालत नाही.
कंपनीच्या वकिलाला हो हवं, नाहीतर नाही.
रक्तातलं शिसं मोजलं तेव्हा
काम सुटून चौदा महिने झाले होते. आकडा कमी आला.
बाकीचं हाडांत जाऊन बसतं म्हणे.
हाडांचं कुणी विचारलं नाही.

काल प्राचीला शाळेत बल्ब पेटवून दाखवायचा होता.
तिने वायर आणली, माझी जुनी कात्री काढली.
आई, किती सोलू?
सहा, म्हणाले.
माझ्या बोटांना आता वायर आहे की दोरा कळत नाही,
पण लांबून दिसलं, साडेसात झाली होती.
मी काही बोलले नाही. बल्ब पेटला.
ती टाळ्या वाजवत वाटीतल्या शेंगदाण्यांकडे वळली
आणि मी ओरडले, केवढ्यांदा तरी,
शेजारच्या खोलीत टीव्ही बंद झाला,
हात धू आधी.
धुतले गं, म्हणाली.
परत धू.